काथ्याचं झाकण

भट्टीचं न पडणारं झाकण रत्नागिरीत पहिल्यांदा मी आणलं, असं आमच्या धंद्यातले जुने लोक अजून सांगतात. माझ्या देखत कुणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. मी सरळ उठून जातो. लोकांना वाटतं, बघा, म्हाताऱ्याला स्तुती सोसत नाही, किती साधा माणूस. साधा कसला बोडक्याचा! ते झाकण मी आणलं हे खरं आहे. पण उशिरा आणलं, आणि तो उशीर विसरून झाला नव्हता. मी ठरवून गप्प बसलो होतो. तेवढ्या अवधीत एका माणसाचा पाय गेला.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मिरकरवाड्याच्या बंदरात इंजिनाच्या बोटी दर हंगामाला वाढत होत्या, आणि बोट म्हटली की पंखा आला. पंखा म्हणजे बोटीच्या मागे पाण्याखाली फिरतो तो, पितळेचा. खडकाला घासला, जाळ्यात गुंतला की त्याची पात वाकते, नाहीतर तुटते. पावसाळ्यात बोटी वर ओढून ठेवलेल्या असायच्या. तेव्हा तांडेल, म्हणजे बोटी चालवणारे लोक, मोडके पंखे घेऊन आमच्या फौंड्रीत यायचे आणि नारळी पौर्णिमेच्या आत नवा पंखा ओतून द्या म्हणून डोक्यावर बसायचे. त्यामुळे आमची खरी सुगी भर पावसात.

फौंड्री म्हणजे तरी काय, पत्र्याची एक शेड, मालक, मी आणि माझा जोडीदार. भट्टी जमिनीत खणलेली. आत मूस, म्हणजे पितळ वितळवायचं भांडं, मुशीभोवती कोकचा कोळसा, खालून ब्लोअरचा वारा आणि वरती झाकण. झाकण म्हणजे बैलगाडीच्या चाकाच्या निम्म्याएवढं लोखंडी कडं, त्यात माती ठासून भरलेली आणि मधोमध ज्वाळा बाहेर पडायला भोक. पितळ पातळ झालं की मी आणि जोडीदार दोन बाजूंनी आकडे लावून ते झाकण उचलायचो आणि बाजूला ठेवायचो. मग मूस बाहेर काढून साच्यात रस ओतायचा. आता विचार करा, आतून लालभडक झालेली माती एकदम ओल्या हवेत आली की तिचं काय होणार? तडे जायचे. पाच-सहा ओत झाले की झाकण संपलं, दुसरं आणा.

ते दुसरं झाकण माझी आत्या करायची.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. हेदवीकडे दिली होती. नवरा वारल्यावर सासरच्यांनी दोन वर्षांत तिला माहेरी पोचवलं. चुली थापण्यात तिचा हात धरणारं आमच्या वाडीत कुणी नव्हतं. एकदा मालक घरी आले असताना त्यांनी तिची चूल बघितली आणि भट्टीचं झाकण करशील का म्हणून विचारलं. तेव्हापासून ते काम तिचं. बांधाखालची चिकणमाती, बारीक वाळू, भाताचं तूस आणि काथ्या. नारळाची सोडणं कुजवून, बडवून काढलेला काथ्या ती बोटाएवढा कातरायची आणि मातीत तुडवायची. काथ्या नसला तर माती वाळतानाच फाटते, असं ती सांगायची. झाकण तयार झालं की त्याला हळदकुंकू लावायची आणि मगच न्या म्हणायची.

त्या झाकणांवर तिचं आमच्या घरातलं पान होतं. हे मी उगाच म्हणत नाही. माझी आई वाईट नव्हती, पण परत आलेल्या नणंदेला कुठल्या घरात कोण डोक्यावर घेतं? एरवी आत्या सगळ्यांच्या मागून जेवायची, उरलंसुरलं. झाकण फौंड्रीत देऊन पैसे हातात आले त्या दिवशी मात्र ती स्वतः बंदरावर जाऊन म्हावरं आणायची, आईच्या पुढ्यात टोपली ठेवायची आणि सगळ्यांच्या बरोबर पाटावर बसायची. त्या दिवशी तिचा आवाजही चढा असायचा. मला चिडवायची, वडिलांना दटावायची, आईलासुद्धा सांगायची की मीठ कमी पडलंय. आई ऐकून घ्यायची. मला लहानपणी तिनंच खेळवलं होतं, त्यामुळे तिचा तो चढा आवाज ऐकला की मला फार बरं वाटायचं.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी मालकांनी मला मुशी आणायला मुंबईला पाठवलं. आयुष्यातली माझी पहिली मुंबई. मुशी विकणाऱ्यानं मला शेजारची एक मोठी फौंड्री दाखवायला नेलं. तिथं भट्टीचं झाकण साखळीला लटकत होतं आणि त्याला करंगळी जाईल एवढा आरपार तडा होता. मी दोन पावलं मागे सरलो. तिथला मिस्त्री हसला. त्यानं सळई घेऊन त्या तड्याच्या कडेवर चांगली ठोकली. काही पडलं नाही. मग त्यानं मला पोत्यातून मूठभर स्टीलच्या सुया काढून दाखवल्या. शिवणाच्या सुया नव्हेत. तारेचे तुकडे असावेत तशा, बोटाच्या पेराएवढ्या आणि अंगानं नागमोडी. भट्टीच्या, म्हणजे आग सोसणाऱ्या, सिमेंटात ह्या कालवायच्या, म्हणाला. तडा जायचा तो जातोच, आगीपुढं कुणाचं चालत नाही. पण तडा मोठा व्हायला लागला की ह्या सुया दोन्हीकडची माती धरून ठेवतात, तुकडा सुटू देत नाहीत. साधी लोखंडी तार घालाल तर ती आगीत खाऊन जाते, म्हणून हे न गंजणारं स्टील. माल कसा कालवायचा आणि झाकण कसं वाळवायचं, तेही त्यानं मला सगळं दाखवलं.

मी खुळावलोच. एस.टी.त बसलो तेव्हा मालकांना कधी सांगतो असं झालं होतं. रात्रभर गाडीत हाच विचार. एक झाकण अख्खा पावसाळा चालेल, कदाचित दोन पावसाळे. मग पोलादपूरच्या आसपास कधीतरी डोक्यात आलं की झाकण दोन पावसाळे चाललं तर आत्या काय करणार? तिथून पुढं मला झोप नाही. हातखंब्याला गाडी रत्नागिरीकडे वळली तोवर माझं ठरलं होतं की ह्यातलं अवाक्षर काढायचं नाही. आणि खरं सांगू? मला स्वतःचा अभिमान वाटला. आत्यासाठी आपण काहीतरी केलं, तिला न कळू देता केलं, म्हणून छाती फुगवून मी घरी आलो. मूर्खाचा मूर्ख.

श्रावण लागला. बोटी सोडायला थोडेच दिवस राहिले होते आणि शेडमध्ये पंखे मागणाऱ्यांची रीघ. आत्याचं नवं झाकण पावसामुळे वाळत नव्हतं. चुलीच्या वर टांगलं, तरी आतून ओलंच. भट्टीवरचं जुनं झाकण आम्ही ताणत होतो. आमची एक रीत होती: झाकण उचलण्याआधी सळईनं टकटक करायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत तडा. त्या दिवशी ते बद्द वाजलं. मी ऐकलं, जोडीदारानं ऐकलं, मालकांनीही ऐकलं. तडा गेलेलं झाकण आम्ही यापूर्वी काय कमी वेळा उचललं होतं? हळू उचल म्हणजे झालं, असं मीच म्हणालो.

झाकण हातभर वर आलं आणि त्याचा माझ्या बाजूचा अर्धा भाग तसाच राहिला, जोडीदाराच्या बाजूचा निसटला. तो मुशीच्या काठावर पडला. मूस कलंडली आणि पितळेचा रस उसळून जोडीदाराच्या डाव्या पायावर आला. पायात रबरी चपला. ती चप्पल नंतर सिव्हिल हॉस्पिटलात कातरून काढावी लागली. पायाची बोटं गेली, चवडाही अर्धा गेला. माणूस वाचला, पण बोटीवर किंवा भट्टीवर उभा राहण्याजोगा तो पुन्हा झाला नाही.

आत्यानं अन्न सोडलं. माझ्याच मातीत खोट राहिली, एवढंच एक तिच्या तोंडात. जोडीदाराच्या घरी गेली, त्याच्या बायकोपुढं पदर पसरला, तिच्या पाया पडायला वाकली. वडील समजूत घालत होते, आई घालत होती. मीही घातली. मातीचा गुणच तो, तुझा काय दोष, असं मी तिला सांगत होतो. तिच्या शेजारी बसून, तिच्या पाठीवर हात ठेवून सांगत होतो, आणि मुंबईत बघितलेलं तेवढं गाळत होतो. तेव्हा सांगितलं असतं तरी खूप झालं असतं. नाही सांगितलं.

मालकांना मात्र मी त्याच आठवड्यात सांगितलं. कसं सांगितलं तेही सांगतो. मुंबईला असलं काहीतरी मिळतं म्हणे, असं म्हणालो. त्या 'म्हणे'ची मला अजून लाज वाटते. मालक बिचारे हादरलेले होते. त्यांनी लगेच माणूस धाडला आणि भट्टीच्या सिमेंटाची पोती, सुयांची पिशवी असं सगळं ट्रकनं मागवून घेतलं.

झाकण ठासायला मालकांनी आत्यालाच बोलावलं. कड्यात माल भरायचा हात तिचाच, असं त्यांचं म्हणणं. ती आली. मी तिला सांगत गेलो आणि ती करत गेली. पाणी अगदी बेतानं घालायचं. सुयांमुळे माल घट्ट वाटतो, मळता येत नाही, म्हणून पाणी वाढवायचा मोह होतो, पण तो मोह झाला की झाकण गेलं. लाडूएवढा गोळा वळायचा, वर उडवायचा आणि झेलायचा. हातात पडून फुटला तर पाणी कमी, बोटांतून ओघळला तर जास्त. सुया एकदम ओतायच्या नाहीत, नाहीतर त्यांचे गुंते होतात. मीठ भुरभुरावं तशा चाळत टाकायच्या. तिचे तळहात सुयांनी टोचून रक्ताळले. मी फडकं दिलं, ते तिनं बाजूला ठेवलं. हे सगळं कुठं शिकलास, असं तिनं मधेच विचारलं. मालकांनी सांगितलं, असं मी पुटपुटलो. मालक शेडच्या बाहेर होते.

झाकण दिवसभर ओल्या गोणपाटाखाली ठेवलं, मग लाकडाच्या मंद आचेवर सावकाश वाळवलं, कारण आत पाणी राहिलं तर वाफ होऊन फुटतं. ते भट्टीवर चढलं आणि चाललं. पाच ओत झाले, दहा झाले, चालतच राहिलं. मालक खूश, तांडेल खूश. माझी पाठ थोपटून थोपटून लोकांनी सालं काढली.

घरी आत्याकडे आता काम नव्हतं. आईनं तिला एका शब्दानं दुखावलं नाही, हे आईच्या बाजूनं सांगायलाच हवं. उलट ती तिला सगळ्यांच्या बरोबर पाटावर बस म्हणायची. आत्याच बसेना. विहिरीवरून पाणी आण, भांडी घास, गोठा झाड, असं तिनं सगळं आपणहून ओढून घेतलं आणि आवाज इतका खाली आणला की ती घरात आहे की नाही ते कळू नये.  मला वाटायचं, पाय वाचवण्यासाठी हिचं काम घालवलं, आणि हिचं काम वाचवण्यासाठी आधी पाय घालवला. दोन्हीकडून माझंच तोंड काळं.

गणपतीच्या थोडं आधी झाकणाला तडा गेला. चांगला आरपार. मालकांनी तो बघायला शेजारपाजारचे चार लोक गोळा केले. कौतुकच होतं ते. मी आणि नव्या जोडीदारानं झाकण उचलून धरलं, मालकांनी त्यावर सळई हाणली, आणि ढेकूळभरही माती पडली नाही. आत्या मला डबा द्यायला आली होती. ती लोकांच्या मागे उभी राहून बघत होती. लोक पांगल्यावर ती पुढं आली. झाकण निवलं होतं. तिनं तड्यात बोट घातलं आणि आतली एक सुई चाचपून बघितली.

"काथ्या पहिल्याच आगीत जळून जातो रे," ती म्हणाली. "मग माझ्या झाकणात नुसती मातीच उरते. ह्या राहतात."

तिनं बोट बाहेर काढून पदराला पुसलं.

"हे असतं तर त्याचा पाय गेला नसता."

"नसता."

"मालक तर कधी मुंबईला गेले नाहीत. तू गेलेलास. शिमग्याच्या आधी."

माझी मान आपोआप खाली गेली. तिला आणखी काही विचारावं लागलं नाही.  मग तिनं माझा दंड धरला, लहान मुलाचा धरावा तसा, आणि मला शेडच्या बाहेर काढलं. मालक काय काय विचारत होते, तिनं वळून बघितलं नाही.

जोडीदाराचं घर आमच्या घराकडे चढणाऱ्या घाटीच्या खाली. तो ओटीवर भिंतीला टेकून जाळं विणत बसला होता, पाय फडक्यात गुंडाळून पुढं पसरलेला. आम्हाला बघून त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितलं. आत्या बसली नाही. उभ्यानंच बोलली. ह्यानं असलं झाकण शिमग्याच्या आधी मुंबईला बघितलं होतं, माझं काम जाईल म्हणून कुणाला सांगितलं नाही, तुझा पाय गेल्यावर सांगितलं. आता तुला काय म्हणायचं ते ह्याला म्हण, मला म्हण, दोघांना म्हण.

मला वाटलं, तो जाळ्याची सुई माझ्या डोळ्यात खुपसेल. त्यानं खुपसली असती तर बरं झालं असतं. त्यानं सुई जाळ्यात खोवून ठेवली.

"तू तिथं ते झाकण बघितलंस," तो म्हणाला, "तेव्हा मी तुझ्या डोक्यात आलो का रे? एकदा तरी?"

रोज त्या झाकणाच्या एका बाजूला मी असायचो आणि दुसऱ्या बाजूला तो. चार वर्षं. आणि एस.टी.त रात्रभर मी आत्याचा विचार केला, आईचा केला, घरात भांडणं होतील त्याचा केला, माझ्या चांगुलपणाचा तर फारच केला. तो एकदाही डोक्यात आला नव्हता. मी नाही म्हणालो. त्याच्याशी खोटं बोलायचं बळच उरलं नव्हतं.

"झालं तर मग," तो म्हणाला आणि खाली बघून जाळं विणायला लागला.

त्याची बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं एक कप आत्याच्या हातात दिला आणि दुसरा परत आत घेऊन गेली. आत्यानं आपला कप ओटीच्या कडेला ठेवला आणि मला म्हणाली, चल.

आत्या पुढं आमच्याच घरात राहिली, बरीच वर्षं. माझ्या लग्नात राबली, माझ्या मुलांना खेळवलं, माझ्याशी नीट बोलायची. जोडीदाराच्या घरचं पाणी भरायचं, लाकडं फोडायची, हे तिनं स्वतःकडे घेतलं होतं आणि हातपाय चालले तोवर ते सोडलं नाही. मी करतो म्हटलं तर मला जवळ येऊ द्यायची नाही. त्या दिवसाचा विषय तिनं परत कधी काढला नाही. जे बोलायचं ते त्याच दिवशी घाटी चढताना बोलून झालं होतं.

मी तिच्या मागून चढत होतो आणि रडत होतो. अर्ध्या घाटीत न राहवून म्हणालो, "आत्या, मी तुझ्यासाठीच गप्प बसलो गं."

ती थांबली. वळली नाही.

"मला विचारलंस?"

ती पुन्हा चढायला लागली.

"माझ्या पोटाची काळजी केलीस आणि त्याचा पाय माझ्या पदरात टाकलास. मला विचारायचं होतंस. मी काय म्हणाले असते, झाकण आण म्हणाले असते की गप बस म्हणाले असते, ते आता तुला कधी कळायचं नाही." तिला धाप लागली होती. "मलासुद्धा नाही."